साक्षीदाराशी बोलायचं नाही

त्या गुरुवारी बाबांच्या कानातलं यंत्र सकाळपासून शिट्टी मारत होतं.

"काय सरकार, आज उशीर?" दार उघडताच त्यांनी विचारलं आणि उत्तर यायच्या आत यंत्र काढून लेकीच्या तळहातावर ठेवलं. "हे घे. हल्ली माझ्यापेक्षा जास्त बोलतंय."

जन्मभर सरकारशी भांडलेला हा माणूस आपल्या एकुलत्या एका लेकीला 'सरकार' म्हणायचा. आई होती तेव्हा म्हणायची, "एका सरकारला कोर्टात खेचायचं आणि दुसऱ्यापुढे मान तुकवायची, अशी यांची लोकशाही." आईला जाऊन वीस वर्षं होऊन गेली होती, लेक बावन्नची झाली होती आणि बाबा एक्याऐंशीचे, पण हाक तीच राहिली होती.

तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर रुमाल पसरला, पर्समधून बारीक ब्रश काढला आणि यंत्राच्या टोकाला साचलेला मळ कोरायला घेतला. हे तिचं रोजचंच काम. सरकारी इस्पितळाच्या तळमजल्यावर, जाड दाराच्या बंद खोलीत ती लोकांचे कान तपासायची. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेपलीकडून बारीक बारीक होत जाणारे सूर सोडायचे. ऐकू आलं की बटण दाबायचं, एवढंच. पण सव्वीस वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. सूर सोडलाच नाही तरी पुष्कळ लोक बटण दाबतात. लबाडी म्हणून नव्हे. काचेपलीकडचं माणूस वाट बघतंय, त्याला नाराज कशाला करा, म्हणून. अशा वेळी ती रागवायची नाही. तो आकडा खोडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

बाबा समोर बसून टोस्टला लोणी लावत होते. कानात यंत्र नसलं की त्यांचा आवाज सभेतल्यासारखा चढायचा.

"पुस्तकाचं नक्की झालं! खटल्याला चाळीस वर्षं होतायत. वकीलताई कायद्याचं लिहितायत, मी कागदपत्रांचं बघतोय. तुझी दोन पानं हवीत."

"माझी कशाला?" ती ओरडून म्हणाली.

"कशाला म्हणजे? खटला कोणाचा होता, माझा का? लिही तुझ्या शब्दांत. मी वाचणारसुद्धा नाही. थेट छापखान्यात दे. तुझ्या स्वल्पविरामालाही हात लावणार नाही मी."

"बघते."

"बघते म्हणजे नाही. तुझ्या आईचा शब्द आहे तो, मला नको शिकवूस."

तिने यंत्रात नवा सेल घातला आणि उठून, त्यांची मान एका बाजूला कलती करून, ते कानात बसवलं. पांढऱ्या केसांच्या खाली कानामागची कातडी बाळासारखी मऊ होती. शिट्टी थांबली. बाबांनी घड्याळाची टिकटिक ऐकली, नळाचं ठिबकणं ऐकलं, समाधानाने मान हलवली. आणि आता स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत होता म्हणून असेल, हलक्या आवाजात म्हणाले, "तुला अवघड गेलं असणार गं. तेव्हा, शाळेत. मी कधी विचारलं नाही."

चाळीस वर्षांत असं वाक्य त्या घरात कोणी बोललं नव्हतं. ती त्यांच्या मागे उभी होती, एक हात अजून त्यांच्या खांद्यावर. उत्तर तयार होतं. बाराव्या वर्षापासून तयार होतं. फक्त तोंड उघडायचं होतं.

"झालं ते, बाबा," ती म्हणाली. "चहा गार होतोय."

त्यांनी चहा प्यायला. मग नळाच्या वायसरबद्दल बोलणं झालं, मतदार यादीत अजून आईचं नाव कसं येतं त्याबद्दल झालं. साडेअकराला ती निघाली. जिन्याच्या वळणावर पोचली तेव्हा वरून आवाज आला, "दोन पानं!" आणि तिने खालूनच उत्तर दिलं, "बघते!"

शनिवारी सकाळी बाबा मंडळाच्या कचेरीत गेले, यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि वाचायला बसले. वाचताना ते यंत्र नेहमीच काढायचे. म्हणायचे, बहिरेपणा ही म्हातारपणाला मिळालेली एकमेव सवलत आहे, ती घ्यायची. टायपिस्ट काकूंनी दोनदा चहाचं विचारलं. उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांना वाटलं, रंगलेत वाचनात. अर्धा तास त्यांनी पाय न वाजवता कचेरी झाडली, साहेबांना त्रास नको म्हणून.

"मी झाडत बसले गं," इस्पितळाच्या व्हरांड्यात काकू तिचे दोन्ही हात धरून पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "माणूस गेलेलं, आणि मी आपली झाडतेय."

त्यांची समजूत तीच घालत राहिली. त्यामुळे स्वतः रडायचं राहूनच गेलं.

बाबांनी देहदानाचा अर्ज कधीच भरून ठेवला होता, तीन प्रतींत. वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी आली, सही झाली, गाडी गेली. विधी नाही, प्रार्थना नाही. गाडी वळेपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काहीच म्हणायचं नाही का हो?" ती नुसतीच मान हलवत राहिली.

*

मंडळ म्हणजे नागरी हक्क मंडळ. नाव दांडगं, पण कचेरी चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. माणसं तीन आणि मतं चार, असं बाबाच म्हणायचे. ज्याचं तोंड दाबलं जात असेल त्याच्या बाजूने उभं राहायचं, मग तो कोणी का असेना, हे मंडळाचं काम. आणि दुसरं काम, सरकार आणि धर्म यांना एका ताटात जेवू द्यायचं नाही. बाबांना लोक नास्तिक म्हणायचे, तेव्हा ते हसायचे. "देवाशी माझं भांडण नाही हो. दोघांनी चुली वेगळ्या मांडाव्यात, एवढंच म्हणणं आहे. एका चुलीवर दोघं आले की करपतं ते आपलं." आईचं म्हणणं त्याहून थोडक्यात होतं. "यांचं भांडण देवाशी नाही, देवाच्या हेडमास्तरांशी आहे."

हेडमास्तर खरोखरच होते. लेकीच्याच सरकारी शाळेचे. तिथे रोज सकाळी पटांगणात एकाच धर्माची प्रार्थना व्हायची, डोळे मिटून, हजेरी घेऊन. ज्याला म्हणायची नाही त्याला घरून चिठ्ठी आणूनही सुटका नव्हती. न म्हणणाऱ्या पोराचं नाव फळ्यावर जायचं. मंडळाला ते कोर्टात न्यायचं होतं. पण कोर्टाचा रिवाज असा की ज्याला झळ लागते त्यानेच तक्रार करावी, शेजाऱ्याने नव्हे. दोन वर्षं बाबा त्या शाळेतलं एखादं कुटुंब शोधत होते. तीन घरं तयार झाली आणि तिन्ही माघारी गेली. एकाच्या दुकानाची काच फुटली, एकाची बदली झाली, तिसऱ्याने कारणही सांगितलं नाही. स्वतःच्या मुलीचं नाव बाबांनी एकदाही काढलं नाही. घरचं माणूस पुढे करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

तिसरं घर माघारी गेलं त्या संध्याकाळी बाबा दारातल्या स्टुलावर बूट काढायला बसले आणि बसूनच राहिले. एक बूट हातात, एक पायात. ती बारा वर्षांची होती. दिव्याखाली अभ्यास करत होती. तिने वडिलांना दमलेलं पाहिलं होतं, हरलेलं पाहिलं नव्हतं.

"मी देते तक्रार," ती म्हणाली.

बाबांनी मान वर करून बघितलं. असं बघितलं की तसं त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि तिच्या मते नंतरही नाही. बारा वर्षांच्या मुलीला त्या नजरेसाठी घर जाळायला सांगितलं असतं तरी तिने काडी ओढली असती.

खरी गोष्ट मात्र वेगळीच होती. तिला ती प्रार्थना आवडायची.

देवाशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. पण गाण्याच्या बाईंनी तिसऱ्या रांगेतल्या पाच मुलींना खालचा सूर दिला होता. बाकी तीनशे मुलं वरची चाल म्हणायची आणि या पाच जणी खालून, सावकाश, दुसऱ्याच वाटेने जायच्या. शेवटच्या ओळीला दोन्ही वाटा एकत्र यायच्या, तेव्हा तिच्या अंगावर काटा यायचा. थंडीत तोंडातून वाफ निघायची. शेजारी तिची बाकावरची मैत्रीण असायची, खांद्याला खांदा. डोळे मिटलेले असल्यामुळे कोणाला काही कळायचं नाही. घरी तिने ते कधी गुणगुणलंही नाही. गुणगुणावं असं ते घर नव्हतं, आणि तशी कोणी मनाई केलेलीही नव्हती.

बूट हातात धरून बाबा विचार करत बसले. मग म्हणाले, "उद्या वकीलताईंकडे जा. एकटीच जा. त्या काय विचारतील त्याचं उत्तर दे. तुला खरंच तसं वाटतं का, हे मी विचारणार नाही. मी विचारलं की ते शिकवल्यासारखं होईल. यापुढे खटला संपेपर्यंत आपण दोघांनी या विषयावर बोलायचं नाही. साक्षीदाराशी बोलायचं नाही, हा मंडळाचा नियम आहे."

नियम त्यांनीच केला होता आणि तो चांगलाच होता. दुबळ्या माणसाच्या तोंडी आपले शब्द कोंबणारे पुढारी त्यांनी पाहिले होते. मंडळात तसं होऊ नये म्हणून साक्षीदाराच्या नात्यातल्या कोणीही त्याच्याशी साक्षीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं त्यांनी घालून दिलं होतं. दुसरा कोणी बाप असता तर त्याने रात्री जेवताना सहज विचारलं असतं, "काय गं, खरंच त्रास होतो का तुला?" आणि बारा वर्षांची पोर भात चिवडत रडली असती. पण बाबा तत्त्वाचे. खटला दीड वर्ष चालला. दीड वर्ष त्या घरात हवापाणी, गणितं, पाहुणे, सगळ्यावर बोलणं झालं. त्यावर नाही.

वकीलताई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्यांनी तिला बिस्किटं दिली, दार लावून घेतलं आणि विचारलं, "प्रार्थनेच्या वेळी तुला कसं वाटतं?"

"गुदमरल्यासारखं," ती म्हणाली. हा शब्द तिने बाबांच्या एका भाषणात ऐकला होता.

कोर्टात शाळेच्या वकिलाने तिला वाकून विचारलं, "बाळ, हे तुला वडिलांनी शिकवलं ना? घाबरू नकोस."

"नाही," ती म्हणाली. "बाबा माझ्याशी यावर एक शब्दही बोललेले नाहीत."

तेवढं एक वाक्य शंभर टक्के खरं होतं, आणि ते इतकं खरं वाटलं की बाकी सगळं त्याच्या पोटात खपून गेलं. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून आलं. बाबांनी कात्रण काढून ठेवलं, पण तिला दाखवलं नाही. खटला अजून चालू होता.

मंडळ जिंकलं. मग हेडमास्तरांनी रागाने सकाळचं सगळं गाणंच बंद केलं. प्रार्थनेच्या जागी सूचना वाचल्या जाऊ लागल्या. गाण्याच्या बाई पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत गेल्या. निकालात तिचं नाव नव्हतं, नुसतं एक अक्षर होतं, पण शाळेत सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. बाकावरच्या मैत्रिणीने एक दिवस दप्तर उचललं आणि ती मागच्या बाकावर जाऊन बसली. जाताना एवढंच म्हणाली, "तुला आवडायचं. मी शेजारीच उभी असायचे."

घरी बाबांनी तिला नवं पेन दिलं. खटला संपला होता, नियम सुटला होता, आता बोलायला हरकत नव्हती. पण दीड वर्षात तोंडाला जे कुलूप लागलं त्याची किल्ली कुठे ठेवली, ते दोघांनाही आठवेना. पहिल्या वर्षी ती वाट बघत होती, ते विचारतील म्हणून. दहाव्या वर्षी तिला त्यांचा राग होता. तिसाव्या वर्षी राग आटला आणि भीती राहिली. या खटल्याचा हवाला देऊन मंडळाने आणखी सात शाळा जिंकल्या होत्या. पाया पोकळ आहे, हे इमारत झाल्यावर कोणी सांगायचं?

*

शोकसभेच्या आधीच्या मंगळवारी ती वकीलताईंबरोबर बाबांचं कचेरीतलं कपाट आवरायला बसली. वकीलताई आता अडुसष्टच्या. गुडघे धरून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आता मला उठवायला क्रेन आणावी लागेल हं."

तासभर त्यांनी धूळ झटकली. उघड्यावर बोलायला बंदी झालेल्या एका प्रवचनकाराची फाइल निघाली. त्याच्यासाठी बाबा नगरपालिकेशी भांडले होते. दर रविवारी हा माणूस चौकात उभा राहून बाबांसारख्यांना नरकाचा पत्ता सांगायचा. "याची केस घेतली तेव्हा निम्मे सभासद सोडून गेले," वकीलताई म्हणाल्या. "तुझे बाबा म्हणाले, बरं झालं, खुर्च्या कमी पडत होत्या."

ती हसली. मग हसू गेलं, आणि फाइलवरची गाठ पुन्हा बांधता बांधता, मान वर न करता ती म्हणाली, "ताई, त्या खटल्यात मी तुमच्याशी खोटं बोलले होते."

वकीलताईंनी धुळीचं फडकं खाली ठेवलं.

"मला आवडायची ती प्रार्थना. पुस्तकासाठी बाबांनी दोन पानं मागितली होती. मी काय लिहिणार होते? खरं लिहिलं असतं तर सगळंच कोसळलं असतं. ती सात शाळांची प्रकरणंही."

"का कोसळलं असतं?"

"माझ्या साक्षीवर तर उभं आहे सगळं."

वकीलताईंनी चष्मा काढला. "अगं, तू निकाल वाचला नाहीस?"

इस्पितळात जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, आजारपणात तिने कपाटंच्या कपाटं वाचून काढली होती. ओळखीची माणसं तिला विचारून पुस्तकं विकत घ्यायची. ती तीस पानं मात्र तिने कधी उघडली नव्हती.

वकीलताईंनी हात लांब करून खालच्या खणातून निकालाची प्रत ओढली आणि अंदाजाने अचूक पान उघडलं. "ऐक. 'या मुलीला प्रार्थना आवडते की नाही, हा या न्यायालयापुढचा प्रश्नच नाही. तिला बाजूला होण्याची मोकळीक नव्हती, एवढं पुरेसं आहे.' न्यायाधीशांनी तुझी साक्ष चार ओळींत गुंडाळली होती. मला तेव्हा राग आला होता, इतकी मेहनत घेतली आणि चार ओळी! निकाल नियमावर लागला, गं. तुझ्या मनावर नाही लागला."

खाली चष्म्याच्या दुकानात कोणीतरी मोठ्याने अक्षरं वाचत होतं, वरच्या ओळीपासून खालपर्यंत. शेवटच्या ओळीला अडखळलं.

"म्हणजे मी सांगितलं असतं तरी..."

"काही बिघडलं नसतं. खरं तर तुझ्या बाबांना आवडलं असतं. आवडणाऱ्या मुलीलाही न म्हणण्याची मोकळीक हवी, असं म्हणून त्यांनी पुस्तकात त्यावरच एक प्रकरण लिहिलं असतं." वकीलताई थांबल्या. चष्म्याच्या काचा पदराने उगाच पुसत राहिल्या. "आणि खोटं एकटी तूच बोलली नाहीस. बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडी 'गुदमरल्यासारखं'? मला तेव्हाच कळलं होतं, शब्द कोणाचा ते. पेन थांबवून पुन्हा विचारायला हवं होतं. माझा पहिला मोठा खटला होता. मी लिहून घेतलं."

"बाबांना कळलं होतं?"

"मला माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नियम होता."

"त्यांचाच."

"त्यांचाच. आणि तोडायला गेलो असतो तर आधी ठराव मांडावा लागला असता," वकीलताई म्हणाल्या. दोघी हसल्या, आणि वकीलताईंनी निकालाची प्रत तिच्या हातात दिली.

घरी जाताना तिने दोन बस सोडल्या. थांब्यावर बसून तिने हिशेब मांडून पाहिला आणि तो मांडताच येईना. ती इतकी वर्षं जे जपत होती त्याला तिच्या जपण्याची गरजच नव्हती. बाबांची इमारत तिच्या खोट्यावर उभी नव्हतीच. खोटं नुसतंच बाजूला पडून होतं, तिच्या आणि बाबांच्या मधल्या वाटेवर, आणि दोघंही त्याला वळसा घालून चालत राहिले होते. शेवटी बाबांनी वळसा न घालता पाऊल टाकलं होतं, गुरुवारी. मागे सरकली होती ती स्वतः.

*

शोकसभा वाचनालयाच्या सभागृहात होती. टायपिस्ट काकूंनी साठ खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं शंभरावर आली. भिंतीला टेकून, खिडकीच्या कठड्यावर, जागा मिळेल तिथे लोक उभे होते. बाबांनी सोडवलेला एक छापखानेवाला आला होता. इस्पितळातून हाकलली जात असताना वाचवलेली एक परिचारिका आली होती. प्रवचनकारही आला होता, आता काठी टेकत. तो बोलायला उठला तेव्हा मागच्या रांगेत कुजबुज झाली.

"मी यांच्यासाठी रोज प्रार्थना करायचो," तो म्हणाला. "एकदा त्यांना तसं सांगितलं. म्हणाले, करा की, तुमचा हक्क आहे. फक्त नगरपालिकेच्या खर्चाने करू नका."

सभागृह हसलं. तीही हसली.

मग कोणीतरी निकालाबद्दल बोललं. मग आणखी कोणीतरी. 'बाबा माझ्याशी यावर एक शब्दही बोललेले नाहीत' हे वाक्य व्यासपीठावरून तीनदा म्हटलं गेलं, तीनदा टाळ्या पडल्या. एक तरुण वकील म्हणाला, बारा वर्षांच्या मुलीने वडिलांच्या सचोटीला दिलेलं याहून मोठं प्रमाणपत्र नाही. ती पहिल्या रांगेत बसून गुडघ्यावरची कागदाची घडी उलगडत होती आणि पुन्हा घालत होती. त्यावर तिने आभाराच्या सहा ओळी लिहून आणल्या होत्या. नेटक्या होत्या. कोणाला दुखवणाऱ्या नव्हत्या.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती माइकपाशी गेली. खाली वकीलताई दोन्ही हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत होत्या. ना खूण, ना मान हलवणं. त्या नात्यातल्या नव्हत्या, तरी साक्षीदाराला काही सुचवायचं नाही, ही सवय त्यांच्या हाडात मुरली होती.

तिने कागद बघितला आणि घडी करून मुठीत घेतला.

"मी तीच मुलगी," ती म्हणाली. आवाज फाटला. तिने थांबून पुन्हा सुरुवात केली. "तुम्ही टाळ्या वाजवल्यात ते वाक्य खरं आहे. बाबा माझ्याशी बोलले नव्हते. पण त्याच्या पुढचं मी जे सांगितलं, ते खोटं होतं. मला गुदमरायला होत नव्हतं. मला ती प्रार्थना आवडायची. मी खालचा सूर म्हणायचे."

खिडकीतला माणूस कठड्यावरून खाली उतरला. प्रवचनकाराने काठी घट्ट धरली.

"निकाल चुकीचा नव्हता. मी तो परवा पहिल्यांदा वाचला. तीनशे मुलांत जिला म्हणायची नव्हती अशी एखादी तरी असेल, आणि तिला बाजूला व्हायची वाट नव्हती. तिच्यासाठी निकाल बरोबरच होता. फक्त ती मी नव्हते. मी माझ्या घरात बाजूला झाले नाही, आणि तिथे मला कोणी अडवलेलं नव्हतं. हे मला सांगता आलं असतं. रोज सांगता आलं असतं. शेवटी त्यांनी विचारलंसुद्धा."

ती थांबली. माइकच्या पलीकडे शंभर माणसं होती, ती तिला दिसेनाशी झाली होती. पुढचं बोलायचं होतं ते त्यांच्याशी नव्हतंच. चाळीस वर्षं ज्या माणसाशी यावर बोलणं झालं नव्हतं, त्याच्याशी होतं, आणि त्याला ऐकू जाईल असा कुठलाही कान आता उरला नव्हता. तरी ती बोलली, मोठ्याने, तो पलीकडच्या खोलीत यंत्र काढून बसला असावा तशी.

"बाबा, मला ती प्रार्थना फार आवडायची. तुम्ही तिच्याहून जास्त आवडायचात, म्हणून मी खोटं बोलले."